मोकळ्या आभाळाचा भाव

कविता आवडली नाही तर पुस्तक मिटता येते. नाटक रंगले नाही तर मध्यंतरात उठून घरी जाता येते. घराचे तसे नाही. घर चुकले तर त्याच घरात राहून वीस वर्षे हप्ते फेडावे लागतात. माझ्या नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या गृहकर्ज विभागात गेली आणि कादंबऱ्या लिहिल्या त्या रात्री नि रविवारी. त्यामुळे माणसे घर कशी घेतात आणि मग त्या घरात कशी राहतात, ही दोन्ही अंगे मला जवळून पाहायला मिळाली. या दोहोंच्या मध्ये एक माणूस उभा असतो आणि त्याच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे आर्किटेक्ट. बिल्डरचे नाव आपल्याला पाठ असते, बँकेचा व्याजदर तोंडपाठ असतो. नकाशावर सही कोणाची आहे, हे मात्र हजारातला एखादाच ग्राहक विचारतो.

आजकाल वास्तुकला महाविद्यालयातून बाहेर पडणारी मुले आपल्या कामाच्या वहीत पहिल्या पानावर ‘माझी मूल्ये आणि माझा डिझाइनविषयक विचार’ असे काहीतरी लिहितात. ओळखीपाळखीतल्या मुलामुलींची अशी काही पाने मी वाचली आहेत. निसर्ग, माणूस, परंपरा, पर्यावरण हे शब्द त्यात असतात आणि ते मनापासून लिहिलेले असतात, याबद्दल मला शंका नाही. पण पाने बदलली तरी शब्द तेच. याचे कारण साधे आहे. मूल्य म्हणजे ज्याच्यासाठी आपण काहीतरी सोडायला तयार असतो ते, आणि बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी सोडावे असे हातात काही आलेलेच नसते. पहिले काम येते, पहिला ग्राहक समोर बसतो, पहिला धनादेश खात्यात जमा होतो, तेव्हा त्या पानाची परीक्षा सुरू होते.

या परीक्षेला एक तरुण माणूस कसा बसला, ते आज सांगावेसे वाटते. चार्ल्स कोरिया हे नाव आता पुष्कळांना ठाऊक आहे. १९८४ साली त्यांना ब्रिटनच्या वास्तुरचनाकारांच्या संस्थेचे सुवर्णपदक मिळाले, २००६ साली पद्मविभूषण मिळाले, आणि १६ जून २०१५ रोजी मुंबईत ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांनी पाने भरून लिहिले. पण मला आठवण करून द्यायची आहे ती या मोठ्या माणसाची नव्हे, अठ्ठावीस वर्षांच्या कोरियांची.

घराणे गोव्याचे, जन्म १९३० सालचा सिकंदराबादचा, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण आणि पुढचे अमेरिकेत मिशिगन व एमआयटी इथे. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा व्यवसाय सुरू केला आणि त्याच सुमारास त्यांच्याकडे अहमदाबादच्या साबरमती आश्रमातले गांधी स्मारक संग्रहालयाचे काम आले. एखाद्या तरुणाच्या हाती गांधीजींचे स्मारक पडले तर तो काय करील, याची कल्पना करून पाहा. घुमट उभारण्याचा मोह होईल. निदान लांबून दिसेल असा एखादा स्तंभ तरी होईल. त्यात अहमदाबादेत तेव्हा ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुरचनाकाराच्या काँक्रीटच्या इमारती नुकत्याच उभ्या राहिल्या होत्या. आपणही तसे काहीतरी दणदणीत करावे असे कोणत्याही तरुणाला वाटले असते.

कोरियांनी काय केले? शेजारी गांधीजींचे ‘हृदयकुंज’ होते. कौलारू, बैठे, पडवीचे घर. त्याच्याशी स्पर्धा करायची नाही, हे त्यांनी आधी ठरवलेले दिसते. सहा मीटर लांब, सहा मीटर रुंद अशी एक साधी खोली त्यांनी आधाराला घेतली. विटांचे खांब, वर उतरते कौलारू छप्पर, खाली दगडी फरशी, लाकडी दारे. खिडक्यांना काच नाही. लाकडी पट्ट्यांच्या उघडमीट करता येणाऱ्या झडपा आहेत. दोन छपरांच्या मध्ये काँक्रीटची पन्हळ आहे, ती तुळईचे काम करते आणि पावसाचे पाणीही वाहून नेते. अशा अनेक चौरसांची गावातल्या घरांसारखी मोकळी मांडणी केली. काही चौरस भिंतींनी बंद केले, काही नुसते छपराखालचे ठेवले, काहींवर छप्परच घातले नाही, आणि मधल्या एका चौकात पाणी ठेवले. पुढेमागे जागा कमी पडली तर आणखी चौरस जोडता यावेत, अशी सोयही ठेवली. १९६३ च्या मे महिन्यात पंडित नेहरूंच्या हस्ते ही वास्तू खुली झाली.

तिथे गेलेल्या माणसाला आपण एखाद्या ‘वास्तूत’ शिरलो असे वाटतच नाही. झाडाखालून पडवीत, पडवीतून पाण्याच्या चौकात, तिथून पत्रांच्या नि छायाचित्रांच्या खोलीत असे आपण चालत राहतो. आर्किटेक्ट कुठे दिसत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी, पहिल्या मोठ्या कामात, आपण दिसायचे नाही असे ठरवणे म्हणजे काय, हे ज्यांनी पहिले पुस्तक छापून आल्यावर मुखपृष्ठावरच्या आपल्या नावाचा टाइप मोजला आहे, त्यांना चांगले कळेल. स्वतःचा ठसा उमटवण्याची संधी कोरियांनी इथे सोडली. मूल्य म्हणतात ते हे.

त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत गुजरातच्या गृहनिर्माण मंडळाने कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी घरांची स्पर्धा ठेवली. अपेक्षा होती ती चाळवजा मजल्यांची. कोरियांनी तेवढीच घरे त्याच जागेत बैठी बसवून दाखवली. घर अरुंद आणि लांबट, छप्पर उतरते. तापलेली हवा त्या उताराने वर चढायची आणि माथ्यावरच्या फटीतून बाहेर पडायची. तिची जागा घ्यायला दाराजवळच्या झडपांतून गार हवा आत यायची. विजेचा एक पैसा खर्च नाही. ज्याला पंखाही परवडणार नाही, त्याच्या घरात वारा कसा खेळेल, हा प्रश्न त्यांनी वातानुकूलनाच्या यंत्राला न विचारता छपराला विचारला. त्या नमुन्यावर बांधलेले घर आज उभे नाही, पण ती युक्ती वास्तुकलेची मुले आजही शिकतात.

आपल्या हवामानात घराच्या भिंतीबाहेरची जागा ही सुद्धा एक खोलीच असते, हा विचार कोरियांनी पुढे आयुष्यभर मांडला. आपल्या आजीला तो कुणी शिकवावा लागला नव्हता. ओटा, पडवी, माजघर, परसदार अशी आपली घरे उन्हाच्या घड्याळावर चालत. सकाळचे दळणकांडण मागच्या दारी, दुपार माजघरात, संध्याकाळ ओट्यावर, उन्हाळ्याची रात्र अंगणात. वर्षातला मोठा काळ आपण अर्धे आयुष्य छपराबाहेर काढत होतो. गरिबाच्या दृष्टीने तर हा मोठा हिशेब आहे. दहा फुटांच्या खोलीला आठ फुटांचे अंगण असेल तर संसार दोन खोल्यांचा होतो, आणि दुसरी खोली बांधायला सिमेंट लागत नाही. कोरिया उघड्या आभाळाखालच्या जागेचा असा हिशेब मांडत. बँकेतल्या माणसाला तो चटकन पटावा असा होता. प्रत्यक्षात बँकेलाच तो पटत नाही. ते पुढे येईलच.

१९६४-६५ साली प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर कोरियांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. वय चौतीस-पस्तीस. कोणी काम दिले नव्हते, मानधन नव्हते. मुंबईची गर्दी दक्षिणेच्या टोकाला किती कोंबायची, या काळजीतून तिघांनी केलेला तो प्रस्ताव होता. त्यातून पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबई उभी राहिली. नवी मुंबई त्यांच्या मनातली झाली की नाही हा वेगळा विषय आहे. पण तिथे बेलापूरला, डोंगराच्या पायथ्याशी, १९८३ ते १९८६ या काळात त्यांनी जी वसाहत रचली, ती मुद्दाम जाऊन पाहावी अशी आहे. लोक तिला आर्टिस्ट व्हिलेज म्हणतात.

सात घरे, मध्ये सुमारे आठ मीटरचा चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरे आणि त्यांचा मोठा चौक. असे वाढत वाढत गाव. प्रत्येक घराचा स्वतःचा भूखंड; सर्वांत लहान ४५ चौरस मीटर, सर्वांत मोठा ७५. उत्पन्नात पाचपट फरक असलेली कुटुंबे इथे राहतील असे धरले होते, पण जमिनीत फरक दुपटीचाही ठेवला नाही. मला या दोन आकड्यांत त्यांचे सगळे तत्त्वज्ञान दिसते. शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, म्हणजे पैसे साठले की ज्याने त्याने आपल्या सवडीने घर वाढवावे. फक्त न्हाणीघर-संडास दोन-दोन घरांचे पाठीला पाठ लावून घेतले, नळाचा खर्च वाचावा म्हणून. एवढे करून हेक्टरी पाचशे माणसे सामावली. घनता वाढवायची तर मनोरेच बांधले पाहिजेत, असे जे आपल्याला सांगितले जाते, त्याला हे उत्तर होते.

आज तिथे गेलात तर मूळची कौलारू घरे थोडीच दिसतील. लोकांनी ती पाडून काँक्रीटचे दोन-तीन मजले चढवले, रंगीत फरश्या लावल्या, कठडे बसवले. हे पाहून काही जण म्हणतात, फसला प्रयोग. मला तसे वाटत नाही. घर मालकाच्या हातात वाढावे हीच तर मूळ अट होती. आपण काढलेली रेघ दुसऱ्याने पुसली तरी चालेल, असे म्हणणारा लेखक मला अजून भेटलेला नाही. संपादकाने स्वल्पविराम हलवला तरी आम्ही रुसतो. कोरियांनी घरांवरचा हक्क सोडला आणि चौकांचा आग्रह धरला. घरे बदलली, मधले चौक मात्र पुष्कळसे टिकले आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. हेच कोरिया मुंबईत कंबाला हिलवर ‘कांचनजंगा’ बांधतात. १९८३ साली पूर्ण झालेला ८४ मीटर उंचीचा मनोरा, त्यात अवघी बत्तीस आलिशान घरे. गरिबांच्या अंगणाविषयी बोलणाऱ्याने श्रीमंतांचा मनोरा का बांधावा? प्रश्न रास्त आहे. आर्किटेक्टला कचेरी चालवायची असते, हे एक उत्तर झाले, आणि बँकेत नोकरी करून कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने ते हसण्यावारी नेऊ नये. दुसरे उत्तर त्या इमारतीतच आहे. मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी याला भोवती व्हरांडा फिरवून उत्तर दिले होते. कोरियांनी तोच व्हरांडा दोन मजली उंचीच्या बागेसारखा करून मनोऱ्याच्या कोपऱ्यांत नेऊन ठेवला. म्हणजे ग्राहक बदलला, पैसा बदलला, तरी वारा-ऊन-पाऊस यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली नाही. ज्याचे मूल्य गरिबाच्या घरापुरतेच असते, त्याची ती दया असते. दोन्हीकडे टिकते तो विचार.

आता बँकेकडे वळतो. कर्जासाठी घराचा मूल्यांकन-अहवाल येतो. त्यात जमीन, बांधीव क्षेत्र, इमारतीचे वय, घसारा, लिफ्ट, पार्किंग असे रकाने असतात. अशा शेकडो अहवालांवर मी सह्या केल्या. ‘स्वयंपाकघरात सकाळचे ऊन येते’ असा रकाना मी कधी पाहिला नाही. ‘समोरासमोर खिडक्या आहेत’, ‘म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी बसायला जागा आहे’ असेही रकाने नाहीत. बँकेला दोष देण्यात अर्थ नाही. विकून वसूल होईल तेवढेच बँक मोजते. पण हळूहळू ज्याला रकाना नाही ते घरातूनच नाहीसे होते.

बाल्कनीचेच पाहा. २०१२ साली मुंबईचे नियम बदलले आणि बाल्कनी, फुलझाडांचे कट्टे वगैरे सारे चटईक्षेत्र निर्देशांकात मोजले जाऊ लागले. त्याआधी या जागा फुकटात मिळवून, विकून, आत घेण्याचा सर्रास गैरप्रकार चाले, तेव्हा नियम निष्कारण आला नव्हता. पण परिणाम असा झाला की अनेक बिल्डरांनी बाल्कनीच गाळली. मग २०१६ चा रेरा कायदा आला. ‘सुपर बिल्ट-अप’ नावाचा धुरकट प्रकार त्याने संपवला आणि विक्री चटईक्षेत्रावर आणली, हे त्याचे उपकार आहेत. पण त्या चटईक्षेत्राच्या व्याख्येत बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. हिशेब म्हणून ते बरोबरही असेल. झाले असे, की एका हिशेबात मोकळी जागा मोजली जाते म्हणून महाग, आणि दुसऱ्या हिशेबात मोजली जात नाही म्हणून बिनमोलाची. आणि जिथे ती उरली आहे, तिथे ताबा मिळाल्यावर पहिल्याच महिन्यात सरकत्या काचा लावून आपण ती खोलीत जमा करतो. मग आत अंधार होतो, दिवसा दिवे लागतात, आणि भिंतीवर निसर्गचित्र टांगले जाते.

अशा बाजारात आजच्या तरुण आर्किटेक्टने ते पहिले पान घेऊन जायचे कुठे?

ठाण्यातली आमची इमारत चाळीस वर्षांची झाली. पुनर्विकासाच्या सभा चालू आहेत. याच इमारतीत लहानाचा मोठा झालेला एक मुलगा आता एकोणतीस वर्षांचा आर्किटेक्ट आहे. बिल्डरने आणलेला नकाशा त्याने सभेत जिन्याच्या पायरीवर उलगडला आणि म्हणाला, “काका, एका मजल्यावर आठ घरे आहेत. मधल्या चार घरांना खिडक्या एकाच बाजूला. वारा आत येईल, पण बाहेर पडायला वाट नाही. सहा घरे करा, सगळ्यांना दोन बाजू मिळतील.”

“मग आमचे काय कमी होणार?” कुणीतरी विचारले.

“जे जास्तीचे मिळणार आहे त्यातले प्रत्येकी पंचवीस-तीस फूट.”

लगेच तीन-चार मोबाइल बाहेर निघाले. आजच्या भावाने चार-पाच लाखांच्या घरातला आकडा आला. “एवढे पैसे वाऱ्यासाठी?” असे म्हणून एक गृहस्थ हसले आणि सभाही हसली. वाद वाढला. एसी आहेत की आता, असेही झाले. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू, ज्या सभेत सहसा बोलत नाहीत, त्यांनी विचारले, “पण मधली घरे कोणाला येणार?”

सचिव म्हणाले, “ते चिठ्ठ्या टाकून ठरेल, वहिनी.”

मग थोडा वेळ कोणी बोलले नाही. जोवर मधले घर दुसऱ्याचे होते, तोवर वाऱ्याचा भाव सगळ्यांना जास्त वाटत होता. चिठ्ठी म्हटल्यावर प्रत्येकाला आपणच त्या खोलीत झोपलेले दिसले असावेत. सहा घरांचा दुसरा नकाशा बिल्डरकडून मागवावा, असे सभेने ठरवले. तो मान्य होईलच असे नाही. बिल्डरने त्या मुलाला पुढच्या एका कामात बरोबर घ्यायची तयारी दाखवली होती. ते काम आता येणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. घरी त्याच्या आईने त्यावरून बरेच सुनावले, हेही मला ठाऊक आहे. त्याच्या वहीतले पहिले पान मी वाचलेले नाही. आता वाचायची गरज वाटत नाही.

तरुणांनी तत्त्वनिष्ठ असावे असे म्हणणे आम्हा साठी ओलांडलेल्यांना फार सोपे जाते. खर्च त्यांचा, उपदेश आमचा. पण आर्किटेक्ट हा कवीसारखा एकटा काम करू शकत नाही. त्याची रेघ भिंत व्हायला दुसऱ्याचा पैसा लागतो. साबरमतीच्या मंडळींनी घुमटाचा हट्ट धरला असता, तर कोरियांचे पान वहीतच राहिले असते. तेव्हा त्याच्या मूल्यांची निम्मी जबाबदारी ग्राहकाची, म्हणजे आपली आहे.

ती पार पाडणे फार अवघड नाही. घर घेताना किंवा पुनर्विकासाच्या नकाशावर सही करताना क्षेत्रफळ जरूर विचारा. मी बँकेचा माणूस, विचारू नका असे कसे म्हणेन? पण त्याच्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारा. वारा कुठून येणार आणि कुठून जाणार? दुपारचे ऊन कोणत्या भिंतीवर? मुले कुठे खेळणार आणि म्हातारी माणसे कुठे बसणार? आणि मजल्यावरचे सगळ्यांत वाईट घर कोणते, ते मला चिठ्ठीत आले तर मी तिथे राहीन का? समोर बिल्डरचा विक्रेता असेल तर तो विषय बदलील. तेव्हा आर्किटेक्टला बोलवा असे म्हणा. कोपऱ्यातल्या टेबलावर मान खाली घालून बसलेली एखादी पंचविशीची मुलगी किंवा मुलगा या प्रश्नांची किती तरी दिवस वाट पाहत असतो.